अल्फा लहरींचा आठ तासांचा व्हिडिओ आणि आमचा बार्शीकर

[ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलले तसाच ठेवलाय. ‘अं…अं’ आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी तेवढी काढली आहे.]

 

आजचा विषय मी निवडलेला नाही. तो रात्री पावणेदोनला व्हॉट्सअ‍ॅपवर आला. माझा मावसभाऊ बार्शीहून पुण्याला येऊन एमपीएससीची तयारी करतोय. तिसरं वर्ष चालू आहे. त्याचं नाव सांगितलेलं त्याला चालणार नाही, म्हणून आपण त्याला बार्शीकर म्हणू. सदाशिव पेठेत चोवीस तास उघड्या असणाऱ्या एका अभ्यासिकेत त्याची ठरलेली खुर्ची आहे. मागच्या पूर्वपरीक्षेत तो दोन मार्कांनी राहिला. दोन मार्क म्हणजे एक प्रश्न.

तर त्याने एक लिंक पाठवली. आठ तासांचा व्हिडिओ. काळ्या पडद्यावर निळा मेंदू हळूहळू फिरतोय, मागे ‘ऊंऽऽऽ’ असा एकसुरी आवाज, आणि वर मोठ्या अक्षरांत: अल्फा लहरी, स्मरणशक्ती दहापट. खाली त्याचा मेसेज: “ताई, हे लावून वाचतो रोज. झोपतानापण लावतो. तू वाचत असतेस ना हे सगळं, चालतं का हे? खरं सांग.”

मिनिटभराने दुसरा मेसेज: “झोप साडेतीन तास होते. तेवढी पुरते आता.”

मला पहिल्यापेक्षा या दुसऱ्या मेसेजची जास्त काळजी वाटली. आणि गंमत अशी, की दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. पण ते एका मेसेजमध्ये मावणारं नव्हतं. म्हणून हा भाग.

आधी ही अल्फा भानगड संपवू.

मेंदूतल्या लहरी मी पाहिल्यात. स्वतःच्याच. काही वर्षांपूर्वी ऑफिसात चक्कर येऊन पडले आणि डॉक्टरांनी ईईजी काढायला सांगितला. सूचना दोन होत्या: केसांना तेल न लावता, धुऊन या, आणि आदल्या रात्री कमी झोपा. दुसरी सूचना पाळायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी पट्टीने डोक्याची मापं घेतली, पेन्सिलीने खुणा केल्या आणि चिकट पेस्ट लावून एकेक तार चिकटवली. (ती पेस्ट केसांतून जायला दोन दिवस लागतात, हे आधी कुणी सांगत नाही.) मग अंधारलेल्या खोलीत आडवं करून म्हणाल्या, “डोळे मिटा. उघडा. मिटा.”

नंतर त्यांनी मला स्क्रीन दाखवला. डोळे उघडे असताना नुसत्या बारीक, काटेरी रेघा. डोळे मिटल्याबरोबर डोक्याच्या मागच्या भागाच्या ओळींत एकसारख्या, गोलसर लाटा सुरू. सेकंदाला साधारण दहा. “ही तुमची अल्फा,” बाई म्हणाल्या, “छान आहे.” माझ्या एखाद्या गोष्टीचं त्या महिन्यात झालेलं ते एकमेव कौतुक.

म्हणजे बार्शीकरा, तुला अल्फा हवी असेल तर डोळे मीट. फुकट मिळते आणि मध्ये जाहिरातही येत नाही. डोक्याचा मागचा भाग हा बघण्याचं काम करणारा भाग. डोळे मिटले की त्याला काम उरत नाही आणि तिथे अल्फा उमटते. मी जरा जास्तच सोपं करून सांगतेय, अल्फाची इतरही कामं आहेत. पण पुस्तक उघडून वाचायला बसलं की ही लाट दबते, आणि तशी ती दबायलाच हवी. वाचताना अल्फा वाढवायची म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये टाकून दिवे घाट चढायचा. बाहेरून ‘ऊंऽऽऽ’ वाजवल्यामुळे मेंदू त्या तालावर येतो आणि आठवण दहापट होते, असं म्हणायला भरवशाचा पुरावा नाही. आवाज आवडत असेल, रस्त्यावरचे हॉर्न त्याने झाकले जात असतील, तर लाव बापडा. त्यापलीकडे अपेक्षा ठेवू नकोस.

आता ही लहर म्हणजे नेमकं काय? पुण्यात गणपतीच्या आधी महिना-दीड महिना ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. तुम्ही चार इमारती सोडून राहताय असं समजा. एकट्या मुलाने ढोलावर टिपरू मारलं तर तुमच्यापर्यंत काही येत नाही. पण शंभर ढोल एका वेळी पडले की खिडकीची काच हलते. ईईजी असाच आहे. मेंदूतल्या एका पेशीची कुजबुज कवटीबाहेर येत नाही. हजारो-लाखो पेशी एका तालात वर-खाली झाल्या, तरच टाळूवर काहीतरी उमटतं. तेही किती? टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतो तो पेन्सिल सेल दीड व्होल्टचा. माझी ‘छान’ अल्फा पन्नास मायक्रोव्होल्टच्या आसपास असेल. म्हणजे सेलचा ३०,०००वा भाग!

आणि चार इमारतींपलीकडून तुम्हाला कळतं ते काय? सराव सुरू झाला, ताल बदलला, थांबले. कुठला मुलगा घरी भांडून आलाय, कुणाच्या मनात काय चाललंय, ते नाही कळत. एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

कारण लहरींकडून त्यांच्या ऐपतीपेक्षा जास्त अपेक्षा ठेवणं हे यूट्यूबने सुरू केलेलं नाही. ज्या माणसाने त्या शोधल्या, त्याच्यापासूनच ते सुरू आहे. हान्स बर्गर, जर्मनीतल्या जेना शहरातला मनोविकारतज्ज्ञ. तरुणपणी, १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला, लष्करी सराव चालू असताना तो घोड्यावरून पडला. मागून तोफगाडा येत होता, तो थोडक्यात थांबला आणि हा वाचला. त्याच दिवशी घरून वडिलांची तार: तू बरा आहेस ना? दूर घरी असलेल्या त्याच्या बहिणीला अचानक वाटलं होतं, की भावाला काहीतरी झालं, आणि तिने वडिलांच्या मागे लागून तार करायला लावली होती. बर्गरची खात्री पटली, की मरणाच्या भीतीने आपल्या डोक्यातून काहीतरी निघालं आणि थेट बहिणीच्या डोक्यात पोचलं. ती ‘शक्ती’ मोजायची म्हणून तो या विषयात शिरला.

विचार पोचवणारी शक्ती त्याला कधीच सापडली नाही. सेलच्या तीस हजाराव्या भागात गावाबाहेर जाण्याइतकी ताकद कुठून यायची? पण शोधता शोधता १९२४ साली त्याने माणसाच्या मेंदूची विद्युत हालचाल पहिल्यांदा नोंदवली. पाच वर्षं तो स्वतःच्याच नोंदींवर शंका घेत बसला आणि १९२९ मध्ये त्याने ते छापलं. अल्फा आणि बीटा ही नावं त्यानेच दिली. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून ‘आहे बुवा खरंच’ असं सांगितलं, तेव्हा जग हललं. मला हा माणूस फार आवडतो. चुकीच्या कारणासाठी निघाला, पण मोजताना खोटेपणा केला नाही.

बरं, पण लहरींचा आणि आठवणींचा संबंध काय?

त्यासाठी एका अमेरिकन माणसाला भेटू. हेन्री मोलाइसन. फिट्सनी हैराण झालेला सत्तावीस वर्षांचा तरुण. १९५३ मध्ये हार्टफर्डमध्ये सर्जन विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, साधारण कानांच्या रेषेत आत असलेला, भाग काढून टाकला. त्यातच होता हिप्पोकॅम्पस. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून ग्रीकमधून आलेलं ते नाव. फिट्स कमी झाल्या, पण हेन्रीला नवीन काहीही लक्षात राहीना. लहानपणचं आठवायचं. बोलणं नीट, बुद्धी शाबूत, स्वभाव गोड. पण ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ त्याला तपासायला मॉन्ट्रियलहून वर्षानुवर्षं येत राहिल्या आणि दर वेळी त्या त्याच्यासाठी नव्याच पाहुण्या असायच्या.

मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. करून बघा, हात उलटाच जातो. तीन दिवसांत हेन्रीचा हात सफाईदार झाला. पण हे आपण आधी केलंय, हे त्याला अजिबात आठवत नव्हतं. म्हणजे हाताची सवय एका वहीत आणि ‘काल काय झालं’ ही नोंद दुसऱ्या वहीत. दुसऱ्या वहीची पानंच फाडली गेली होती. २००८ मध्ये तो ८२ वर्षांचा होऊन वारला. पंचावन्न वर्षं तो ‘आत्ता’मध्येच राहिला.

वही म्हटल्यावर एक सांगते. आमचे आजोबा, म्हणजे माझ्या आणि बार्शीकरच्या आईचे वडील, यांचं बार्शीत किराणा दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाईक आलं की ते रोजकीर्दीत ओळ टाकायचे: अमुक शेर शेंगदाणे, तमुक उधार. भरभर, कशाही अक्षरात. रात्री फळ्या लावल्या, की कंदिलासमोर बसून दुसरी जाड वही काढायचे: खतावणी. रोजकीर्दीतली एकेक ओळ ज्याच्या-त्याच्या खात्यावर चढवायची. हे चालू असताना त्यांच्याशी बोलायचं नाही, असा घरात दंडक होता.

हेन्रीची रोजकीर्द गेली होती. खतावणी शाबूत होती, म्हणून जुनी खाती दिसायची. पण चढवायला नवीन ओळच नाही.

आता लहरी. दिवसा, म्हणजे दुकान उघडं असताना, हिप्पोकॅम्पसमध्ये एक लय चालते, तिला थीटा म्हणतात. माणसात सेकंदाला साधारण तीन ते आठ. काही फिट्सच्या रुग्णांच्या मेंदूत उपचाराचा भाग म्हणून डॉक्टर बारीक तारा बसवतात. अशा रुग्णांना चित्रं दाखवून केलेला एक प्रयोग २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये आला. जे चित्र बघताना पेशी थीटाच्या तालाला धरून पेटल्या, ते चित्र नंतर जास्त चांगलं ओळखलं गेलं. पेशी किती जोरात बोलल्या यापेक्षा तालात बोलल्या का, याला महत्त्व निघालं. पथकातलं कुठलंही पोरगं तुम्हाला हेच सांगेल.

म्हणून दर दोन मिनिटांनी फोन उलटा करून बघत पोलिटी वाचणं हा मला वैताग वाटतो. पण तो वैताग मी स्वतःही करते, त्यामुळे गप्प बसते. पुढे जाऊ. खरी मजा फळ्या लावल्यावर आहे.

योगायोग बघा. बर्गर जेनामध्ये पहिली नोंद घेत होता त्याच १९२४ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या जेनकिन्स आणि डॅलेनबाख यांचा एक छोटा प्रयोग छापून आला. फक्त दोन विद्यार्थी. निरर्थक अक्षरं पाठ करायची; कधी पाठ करून झोपायचं, कधी जागं राहायचं. तेवढेच तास गेल्यावर विचारलं, तर झोपून उठल्यावर जास्त आठवायचं. तेव्हा लोक म्हणाले, झोपेत नवीन काही डोक्यात येत नाही, म्हणून जुनं पुसलं जात नाही. म्हणजे दुकान बंद, म्हणून वही सुरक्षित. आत कुणी कंदील लावून बसलंय, हे कुणाला माहीत नव्हतं.

ते दिसलं १९९४ मध्ये, उंदरांच्या मेंदूत. हिप्पोकॅम्पसमध्ये ‘जागेच्या पेशी’ असतात. उंदीर या कोपऱ्यात आला की ही पेशी पेटते, त्या कोपऱ्यात गेला की ती. जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये त्या शोधल्या आणि २०१४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदीर पळत असताना या पेशी ऐकल्या आणि मग तो झोपल्यावरही ऐकत राहिले. जागेपणी ज्या पेशी एकत्र पेटल्या होत्या, त्याच झोपेत पुन्हा एकत्र पेटत होत्या. नंतरच्या प्रयोगांत दिसलं, की क्रमही तोच, पण वेग कितीतरी जास्त. दिवसभराची रोजकीर्द रात्री भराभर वाचली जात होती.

हे होतं कसं? गाढ झोपेत आख्ख्या मेंदूवरून एक मोठी, संथ लाट जाते. सेकंदाला एक किंवा त्याहूनही सावकाश. हा ढोल. त्या लाटेच्या चढावर दुसरी, जराशा वेगाची लहर येते. सेकंदाला ११ ते १५, फुगते आणि विरते. तिचा आकार चरख्याच्या चातीसारखा, म्हणून इंग्रजीत तिला स्पिंडल म्हणतात. माझ्या ईईजीच्या वेळी मी तिथेच गाढ झोपले होते, तेव्हा बाईंनी मला माझे स्पिंडलही दाखवले होते; मला तेव्हा कळलं नाही, की माझ्या डोक्यातली हिशेबाची वेळ मी बघतेय. आणि त्या स्पिंडलच्या खाचेत तिसरी, फार बारीक, फार वेगवान थरथर: हिप्पोकॅम्पसमधून उठणारी रिपल. माणसात सेकंदाला ८० ते १००च्या घरात. ही ताशाची तडतड. तिन्ही एकात एक नीट बसल्या, की हिप्पोकॅम्पसमधली दिवसाची नोंद वरच्या मेंदूत, म्हणजे खतावणीत, चढते. आज शास्त्रज्ञांकडे असलेली ही सगळ्यांत भक्कम मांडणी आहे.

‘एकाच वेळी होतं’ म्हणजे ‘त्याच्यामुळे होतं’ असं नाही, हा प्रश्न तुमच्यातल्या शहाण्यांच्या मनात आला असेल. म्हणून मला २००९ चा प्रयोग महत्त्वाचा वाटतो. पॅरिसमध्ये जिरार्दो आणि सहकाऱ्यांनी उंदरांना शिकवल्यावर झोपू दिलं. फक्त रिपल सुरू झाली रे झाली, की बारीकसा विजेचा झटका देऊन तेवढी तोडायची. झोप मोडली नाही, फक्त ताशा थांबवला. ते उंदीर शिकण्यात मागे पडले.

आजोबांशी बोलायचं नाही म्हणजे नाही.

आता बार्शीकर विचारणार, मग बाहेरून हे वाढवता येतं का? त्याने विचारलंच. तर, थोडंसं येतं. २००७ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला जर्मनीतला प्रयोग मला फार गोड वाटतो. लोकांना पत्त्यांच्या जोड्या लक्षात ठेवण्याचा खेळ दिला. कुठल्या पत्त्याखाली काय, हे शिकताना नाकाशी गुलाबाचा वास सोडला. रात्री ते गाढ झोपेत गेले, तेव्हा तोच वास पुन्हा, हळूच. सकाळी साधारण ९७ टक्के जोड्या बरोबर. वास न दिलेल्या रात्रीनंतर ८६. हाच वास जागेपणी किंवा स्वप्नांच्या झोपेत दिला तर फायदा नाही. आणि शिकताना वास नव्हता, नुसताच झोपेत दिला, तरीही नाही. म्हणजे गुलाबात जादू नव्हती. वासाने कुणीतरी कंदिलापाशी येऊन बोट ठेवल्यासारखं झालं: ही ओळ बघा.

बार्शीकर लगेच म्हणाला, “मग अत्तर आणू?” मी म्हटलं, अरे, गाढ झोप कधी लागली हे बघत तिथे माणसं ईईजी लावून रात्रभर जागी बसली होती. तुझ्या रूममध्ये कोण बसणार? तुझा रूममेट? तो आधीच तुझ्या मोज्यांच्या वासाने हैराण आहे.

डोक्यावरून अगदी सौम्य वीज सोडून ती संथ लाटच मोठी करायची, असाही प्रयोग २००६ मध्ये झाला, आणि शब्दांच्या जोड्या जास्त आठवल्या. पण नंतर काही प्रयोगशाळांना तोच परिणाम मिळाला नाही. म्हणून डोक्याला लावायचे जे पट्टे विकायला येतात, त्यांच्यावर मी तरी आत्ता पैसे घालणार नाही. पट्ट्याच्या किमतीत मेसचे किती महिने होतात, ते तुम्हीच बघा.

इथे बार्शीकरने मला एक गोष्ट आठवून दिली. मी त्याला म्हणत होते, की लहरी ‘केव्हा’ सांगतात, ‘काय’ सांगत नाहीत. तर तो एकदम म्हणाला, “ताई, म्हणजे सेल्वी केस.”

हे पुण्यातच घडलंय. २००८ च्या जूनमध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला खुनासाठी जन्मठेप दिली. आरोप असा, की तिने प्रसादातून आर्सेनिक घालून पूर्वीच्या होणाऱ्या नवऱ्याला मारलं. इतर पुरावेही होते, पण निकालात एका चाचणीला वजन मिळालं. तिला डोक्यावर इलेक्ट्रोड लावून बसवलं होतं. तिने काही बोलायचं नाही. ‘मी आर्सेनिक विकत घेतलं’ अशा धर्तीची वाक्यं ऐकवायची आणि लहरींवरून यंत्राने ठरवायचं, की ही गोष्ट तिने नुसती ऐकली आहे की स्वतः अनुभवली आहे. आठवण खरी की ऐकीव, हे कवटीबाहेरच्या तारेवरून!

चार इमारतींपलीकडून ढोल ऐकून आत कोण कुणाबद्दल काय म्हणालं, याचा पंचनामा. ज्या माणसावर आरोप आहे, त्याला ती वाक्यं पोलिसांकडून, वकिलाकडून, पेपरातून शंभरदा ऐकवलेली असतात. ती त्याने रात्र रात्र मनात घोळवलेली असतात. आठवण ही काही कपाटातली फाइल नव्हे. आपण ती दर वेळी नव्याने उभी करतो, आणि कल्पना करतानाही मेंदूचे पुष्कळसे तेच भाग कामाला लागतात. ती तरुणी दोषी होती की नव्हती, हे मी इथे माइकसमोर बसून सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की ते सांगणं त्या तारांच्या ऐपतीबाहेरचं होतं.

५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात सांगितलं, की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींची चाचणी कुणावरही सक्तीने करता येणार नाही. आधार? “कलम २०(३),” बार्शीकर म्हणाला. “कुठल्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही.” आणि मग गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, “ताई, मागच्या पेपरात मी कलम २० आणि २२ मध्येच गोंधळलो होतो. आदल्या रात्री चारपर्यंत तेच वाचत होतो.”

मला त्याच्या साडेतीन तासांकडे यायचं होतंच.

झोपेचा दर दीड तासाने साधारण एक फेरा होतो. संथ लाटेची गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त. म्हणून साडेतीन तास झोपणाऱ्याला वाटतं, पुरतंय की. गाढ झोप तर लागली. पण पुढच्या फेऱ्यांमध्ये स्पिंडलांनी भरलेली हलकी झोप आणि स्वप्नांची झोप वाढत जाते, आणि अलार्म तीच कापतो. दुसरी बाजूही आहे. एक आख्खी रात्र जागवून दुसऱ्या दिवशी लोकांना नवीन चित्रं दाखवली, तर हिप्पोकॅम्पस कमी चालला आणि चित्रंही कमी लक्षात राहिली, हे २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसलं. म्हणजे न झोपल्याने कालची खतावणी तर अर्धी राहतेच, आजची रोजकीर्दही पुसट उमटते.

हे मी त्याला फोनवर सांगितलं, तेव्हा तो चिडला. आणि त्याचं चिडणं बरोबर होतं, म्हणून ते इथे सांगते. “ताई, तुला बोलायला काय जातं? शेजारच्या खुर्चीवरचा पोरगा तीनला पण बसलेला असतो. मी अकराला उठलो की मला वाटतं, तो माझ्या पुढे चाललाय. घरी पप्पा विचारतात, किती तास बसतोस. झोपलो किती, हे कोण विचारतं?”

याला माझ्याकडे लहरींमधलं उत्तर नाही. अभ्यासिकेत तास दिसतात, खतावणी दिसत नाही. जागा कमी, परीक्षा पुढे ढकललेली, वय वाढतंय, घरून पैसे येतायत. या सगळ्यात ‘झोप बाळा’ म्हणणं हे जरा आगाऊपणाचंच वाटतं. मी एवढंच म्हटलं, की आजोबा रात्री कंदिलासमोर बसायचे, तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्याला दुकान बंदच दिसायचं.

तो काही बोलला नाही. “मेस बंद होईल,” म्हणून फोन ठेवला.

हे तीन आठवड्यांपूर्वीचं. आता तो बाराच्या आत झोपतो, असं म्हणतो. रोज जमतं असं नाही, परवाच एक वाजता ‘ऑनलाइन’ दिसला. व्हिडिओ बंद केलाय, मुख्य कारण फोनचा डेटा. मधल्या काळात आमची एक नवीनच पद्धत पडली आहे. आदल्या रात्री त्याने जे वाचलं, त्यातलं काहीही मी सकाळी सातला व्हॉइस नोटवर विचारायचं आणि त्याने वही न उघडता सांगायचं. आज सकाळी विचारलं, कलम २२ मधले अपवाद सांग. चहाच्या टपरीवरून उत्तर आलं, मागे स्टोव्हचा आवाज, कुणीतरी ‘दोन कटिंग’ ओरडतंय. पहिला अपवाद परकीय शत्रू, दुसरा प्रतिबंधक स्थानबद्धता. दोन्ही बरोबर.

मग म्हणाला, “आता तू सांग, २०(३).” मी सांगितलं. हा भाग तयार करताना तीन वेळा ते वाचून झोपले होते ना!

तुमच्याकडेही असा एखादा बार्शीकर असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवते. विषय विसरण्याचा आहे. ओळखीचा चेहरा समोर येतो आणि नावच आठवत नाही, ते का, त्याबद्दल. चला, भेटू.